द्वारकामावशी आणि बिऱ्हाडू

द्वारकामावशी एका मिनिटाला अकरा सुपाऱ्या सोलायची. हा आकडा अंदाजाचा नाही. सातवीत असताना वडिलांचं घड्याळ मांडीवर ठेवून मी तीन दुपारी तो मोजला होता. गोष्टीतला बिऱ्हाडू संकटात सापडला की तिचा हात चौदापर्यंत जायचा. तो कुणाच्या दारात उभा राहून विनवू लागला की आठावर यायचा. सरासरी अकरा. आमच्या दिवेआगरात तिच्यापेक्षा जलद सोलणाऱ्या दोन बायका होत्या, पण त्या मुकाट्यानं सोलायच्या आणि त्यांच्या ढिगाजवळ एकही मूल थांबायचं नाही.

पोफळीवरून उतरवलेली सुपारी आमच्याकडे महिना-सव्वा महिना अंगणात वाळते. साल खडखडीत झालं की सोलणी सुरू होते. पाटाला एक लोखंडी पातं उभं ठोकलेलं असतं, त्यावर सुपारी दाबून फिरवली की साल सुटतं आणि आतली टणक सुपारी हातात येते. उन्हाळ्याच्या तोंडाला प्रत्येक वाडीच्या पडवीत असा एक ढीग असायचा. मावशी एका वाडीतला ढीग संपवून पुढच्या वाडीत जायची. तिच्याबरोबर गोष्ट जायची आणि गोष्टीमागून आम्ही मुलं.

गोष्ट एकच होती. तिची लांबी मात्र ढिगाप्रमाणे असायची. आमच्याकडे बारा दिवस, शेजारच्या नानांच्या मोठ्या वाडीत वीस, शाळेमागच्या चिमुकल्या वाडीत चार. बिऱ्हाडू हा शंखात राहणारा खेकडा. वाढता वाढता शंख त्याला अपुरा पडू लागतो, म्हणून तो नव्या घराच्या शोधात समुद्रावरून गावात येतो. दारोदार हिंडतो आणि विचारतो, "घर हाय का घर? पाठीला पुरेल एवढं घर?" प्रत्येक दारातून उत्तर येतं, "हाय, पण..." तो 'पण' आम्ही मुलं एका सुरात ओढायचो. पुढचं मावशी सांगायची. कोंबडी म्हणायची, हाय, पण पिल्लं झोपलीत, उठली की विचारून सांगते. विहिरीतलं कासव म्हणायचं, हाय, पण पाणी वर आलं तर मग मलाच बोलशील. 'नाही' कुणीच म्हणायचं नाही. वाडीतला ढीग संपत आला की मावशी बिऱ्हाडूला सुपारीच्या सालपटांखाली झोपवायची. "आजची रात हितं. उद्या फुडल्या वाडीत." गोष्टीला शेवट नव्हता. निदान आमच्यापैकी कुणी ऐकला नाही.

एकदा मला तिची परीक्षा घ्यायची लहर आली. आमच्या ढिगाचा शेवटचा दिवस होता, बिऱ्हाडू सालपटांपर्यंत पोचत आला होता. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी अंगणातल्या वाळवणातली दोन सुपं भरून सुपारी ढिगात मिसळली. ती परत येऊन बसली, ढिगाकडे एकदा पाहिलं, आणि सालपटांकडे निघालेल्या बिऱ्हाडूच्या वाटेत एक बेडूक आणून उभा केला. बेडकाला आठ मुलं होती, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं होतं. बेडकाचं कुटुंब संपलं तेव्हा ढिगात एक सुपारी उरली होती. ती सोलून मावशी म्हणाली,

"सुध्या, दोन सुपं का अडीच?"

"दोन."

"मंग बेडूक जरा लांबला."

तिला राग आला आहे की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नसे. ती भांडायची नाही. कुणी लागट बोललं, कुणी शब्द देऊन फिरवला, तरी "हां, बरं," एवढंच म्हणायची. पण त्या माणसाची नोंद गोष्टीत व्हायची. माझे वडील एकदा तिला म्हणाले, "द्वारके, ही गोष्ट नसती तर ढीग दहा दिवसांत उरकला असता."

"उरकला असता की," ती म्हणाली. "पन मंग ही पोरं वाडीत माकडांसारी हिंडली असती. ती कोन हाकलनार? तुमी?"

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडूला वाटेत एक कोंबडा भेटला. तो मध्यरात्रीच आरवायचा आणि सगळ्यांना म्हणायचा, उठा, उजाडलं, उशीर झाला. आम्ही हसून लोळलो. वडील आत ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी आईला विचारलं, "मी खरंच एवढी घाई करतो का गं?" आईला हसू आवरत नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणाला ढिगावरून बोललं नाही.

मावशीचं माहेर उरणकडचं, मिठागरात राबणारं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती इथे आली. तिचा नवरा दगडू आमच्या वाडीचं शिंपणं बघायचा. आजोबांनी त्याला वाडीचा वायव्येकडचा कोपरा दाखवला आणि म्हणाले, इथे राहा. एवढाच व्यवहार. त्यानं तिथे जांभ्याच्या दगडाची एक खोली बांधली, वर कौलं घातली. मावशी एकोणतीस वर्षांची असताना तो पोफळीवरून पडून गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं न्यायला आली होती, ती गेली नाही. "हितं माजं घर हाय," म्हणाली. त्या वेळी या वाक्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

दर दिवाळीला ती खोलीला चुना द्यायची. तीनच भिंतींना. चौथी भिंत म्हणजे आमच्या वाडीच्या हद्दीचा जुना दगडी गडगा होता, दगडूनं खोली त्याला टेकवून बांधली होती. त्या भिंतीला ती हात लावायची नाही. मी एकदा कारण विचारलं.

"ती तुमची हाय."

"मावशी, आतून तर तुझ्याच खोलीची आहे."

"आतून माजी, भायेरून तुमची. चुना भायेरून दिसतो."

मी शेजारच्या गावातल्या हायस्कुलात गणित शिकवतो. हद्दीची इतकी चोख समज मी फार थोड्यांत पाहिली आहे.

मग त्या जूनमध्ये वादळ आलं. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून समजणार नाही, म्हणून मी फक्त आकडे देतो. आमच्या वाडीत चारशे बारा पोफळी होत्या, सदतीस उरल्या. माड एकसष्ट होते, नऊ उरले. मावशी त्या दुपारी आमच्या घरात होती. वारा थांबल्यावर आम्ही दोघं बाहेर पडलो. पडलेल्या खोडांवरून चढत उतरत तिच्या कोपऱ्यापर्यंत जायला पाऊण तास लागला. एरवी ते चार मिनिटांचं अंतर. कौलं नव्हती. तिनं चुना दिलेल्या तिन्ही भिंती कोसळल्या होत्या. गडगा तेवढा उभा होता.

 वाडीकडे बघून तिनं विचारलं, "नवं रोप लावलं तर सुपारी धरायला किती वर्सं?"

"सहा-सात. चांगला ढीग व्हायला आठ."

ती तेव्हा बहात्तर वर्षांची होती. बेरीज तिनं माझ्याआधी केली. "म्हंजी मी ऐंशीची," म्हणाली. "हां, बरं."

त्यानंतर तिनं गोष्ट सांगितली नाही. सोलायला काही नव्हतं.

ती आमच्या मागच्या पडवीत राहायला आली. एक साडी आडवी बांधून तिनं आपला भाग वेगळा केला. थोड्याच दिवसांत घरकुलांची यादी होणार असं कळलं. ग्रामसेवक भला माणूस होता, त्यानं मला बोलावून सांगितलं की मावशीचं नाव घालता येईल, पण जागा तुमच्या सातबारावर आहे, तेव्हा सगळ्या मालकांचं संमतीपत्र लागेल. सातबारावर सात नावं होती. मी, माझा भाऊ आणि पाच चुलत भावंडं. संमतीपत्रात जागा किती लिहायची असं मी विचारलं. तो म्हणाला, "लिहा अंदाजे दीड गुंठा."

मी 'अंदाजे' लिहायला तयार झालो नाही.

माझं म्हणणं होतं की पुढेमागे कुणाची तक्रार नको. आधी रीतसर मोजणी, मग सह्या. मी मोजणीचा अर्ज केला. पाच महिन्यांनी तारीख मिळाली, त्या दिवशी हद्दीचा जुना दगड सापडला नाही. दुसरी तारीख मिळाली. शेवटी आकडा हातात आला तो एकशे अडतीस चौरस मीटर. दीड गुंठा म्हणजे एकशे बावन्न. चौदा चौरस मीटरांचा फरक. तेवढ्यासाठी अकरा महिने गेले.

त्या अकरा महिन्यांत गावात पर्यटक परत यायला लागले. ज्यांच्या वाड्या गेल्या होत्या त्यांनी त्या जागी खोल्या बांधायला काढल्या. मी कागद घेऊन फिरलो तेव्हा सहा सह्या पंधरा दिवसांत झाल्या. सातवी विनूची, माझ्या बदलापूरच्या चुलत भावाची. वादळाच्या आठवड्यात त्यानं फोनवर मला म्हटलं होतं, "बिचारी मावशी. जे लागेल ते कर, मी सही देतो." आता तो म्हणाला,

"राहू दे ना तिला. कोण काढतंय? कागद कशाला हवा?"

"घरकुलाला कागद लागतो, विनू."

"तो कोपरा रस्त्याला लागून आहे, सुधीर. उद्या आपल्याला काही करायचं झालं तर? पन्नास वर्षं राहिली ना ती बिनकागदाची? कुणी काही बोललं? गणपतीत येतो तेव्हा बघू."

गणपतीआधी यादी बंद झाली. पुढच्या गणपतीतही तो "बघू" म्हणाला. मी मावशीला प्रत्येक वेळी आहे तसं सांगितलं, काही लपवलं नाही. ती साडीच्या पलीकडून म्हणायची, "हां, बरं." आमच्या घरात तिला कुणी कमी केलं नाही. जेवण, औषध, दिवाळीचं लुगडं, सगळं वेळेवर. यात चार वर्षं गेली.

मुग्धा ही नानांची नात. मुंबईत वाढली, पण मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या आजोबांच्या वाडीत. आम्ही जी गोष्ट ऐकली तीच तिनं आमच्यानंतर तीस वर्षांनी ऐकली. ती नाटक बसवणारी झाली. वादळानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात ती सहा दिवस येऊन राहिली आणि मावशीला म्हणाली, "मला बिऱ्हाडू पुन्हा ऐकायचाय. मी त्याचं मोठं गाण्यांचं नाटक करणार आहे."

मावशीला सुरुवातच करता येईना. हात मोकळे असले की तिला पहिलं वाक्य सुचत नव्हतं. ती म्हणे, "अगो, ती तोंडात न्हाय, हातात हाय." तेव्हा माझ्या बायकोनं वालाच्या वाळलेल्या शेंगांची पाटी तिच्यापुढे ओतली. शेंगा सोलायला घेतल्या आणि गोष्ट सुरू झाली. मुग्धानं सगळं फोनवर ध्वनिमुद्रित केलं. त्या दिवसांत माझं परीक्षेचं काम होतं, मी दिवसभर शाळेत असायचो. मी काहीच ऐकलं नाही. बायको ऐकायची, पण तिनं मला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते पुढे कळलं.

नाटक उभं राहिलं तेव्हा मुग्धानं मावशीला आणि मला दोन तिकिटं पाठवली. आम्ही सकाळी सहाला निघालो. दिघीला गाड्या खाडीपार नेणाऱ्या जंगल-जेट्टीच्या मोठ्या बोटीत एसटी चढते तशी आमची जीप चढली, पलीकडे आगरदांडा, मग मुरूड, अलिबाग, मांडवा. मांडव्याहून बोटीनं मुंबई.  वाटेत मावशी म्हणाली, "गानी हायेत म्हने त्यात." मी म्हटलं, "चौदा आहेत, मुग्धा सांगत होती." ती म्हणाली, "एवढ्यात तर चार दिसांचा ढीग व्हईल."

खेळ दुपारी चारचा होता. आमच्या खुर्च्या आठव्या रांगेत, मधल्या वाटेला लागून. सभागृहात सातशेच्या वर माणसं होती, निम्मी मुलं. पडदा उघडला आणि रंगमंचावर बावीस मुलं खेकडे होऊन आडवी धावत आली. मुग्धानं चांगलं केलं होतं. पाठीवरचा शंख कापडी होता, बिऱ्हाडूचं काम करणारी मुलगी तो दर प्रवेशाला थोडा अधिक घट्ट बांधत असणार, कारण ती हळूहळू अधिक वाकून चालू लागली. "घर हाय का घर" याला चाल लावली होती. दुसऱ्या खेपेला प्रेक्षागृहातली मुलं "हाय, पण" ओढायला लागली. कुणी शिकवायला लागलं नाही.

कोंबडी आली, कासव आलं, मध्यरात्री आरवणारा कोंबडा आला. माझ्या वडिलांना मी असा रंगमंचावर पाहीन असं वाटलं नव्हतं. बेडूक त्याच्या आठ मुलांसह आला. मी ओळखीचं एकेक मोजत होतो. मग एक बगळा आला, तो मला ओळखीचा नव्हता.

उंच, बारीक मुलगा होता. गळ्यात फीत, कानाला पेन्सिल. बिऱ्हाडूनं विचारलं, घर हाय का घर? बगळा म्हणाला, "आहे. नक्की आहे. तुझंच आहे." मुलं 'पण' म्हणायला थांबली होती. बगळ्यानं मान वाकडी करून एक डोळा मिटला, बिऱ्हाडूची लांबी मोजली, रुंदी मोजली, नांग्या मोजल्या, मग दार मोजलं. "अर्धा बोट फरक येतोय. अंदाजे चालणार नाही. पुढच्या पौर्णिमेला ये." पुढच्या पौर्णिमेला बिऱ्हाडू आला तर बगळ्यानं तो तेवढ्यात वाढला आहे म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. बगळा चार वेळा आला. चारही वेळा प्रेक्षक हसले. तिसऱ्या वेळेला तर तो नुसता पंखाआडून डोकावला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या वाट्याला एक गाणंही होतं, त्यात सगळे आकडे होते आणि ते सगळे बरोबर होते.

मला काही वाटलं नाही. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. राग आला नाही. हात खुर्चीच्या दांड्यावर होते, ते तिथे आहेत एवढंच कळत होतं. शेजारी मावशी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या पुढच्या खुर्चीतला लहान मुलगा आईला म्हणाला, "आई, तो बगळा चांगला आहे की वाईट?" आई म्हणाली, "गप्प बस, बघ."

नाटकाला मुग्धानं शेवट दिला होता. तिला द्यावाच लागला असणार, सातशे माणसांना सालपटांखाली झोपवून घरी पाठवता येत नाही. दिवे मंद झाले आणि वरून दोरांवरून एक भलामोठा शंख उतरला, आतून उजळलेला. त्यावर पिवळे बल्ब होते, मी एका ओळीतले मोजले, चोवीस. सगळ्या प्राण्यांनी मिळून गाणं म्हटलं. बिऱ्हाडू आत गेला आणि दार उघडंच ठेवून सगळ्यांना आत बोलावू लागला. बगळाही आत गेला. बायका रडत होत्या, एक-दोन पुरुषही.

टाळ्या ओसरल्यावर मुग्धा पुढे आली. तिनं सांगितलं की ही गोष्ट जिची आहे ती आज इथे आली आहे, आणि आमच्या रांगेवर दिवा टाकला. मावशीला उठून उभं राहावं लागलं. तिच्यासमोर कुणीतरी माईक धरला. मुग्धानं रंगमंचावरून विचारलं,

"मावशी, शेवट आवडला का? माझ्या मनाचा घातलाय, चुकला तर सांगा."

मावशीनं त्या शंखाकडे पाहिलं. बल्ब अजून चालू होते.

"घर झाक हाय, बाय," ती म्हणाली. "नाव कोनाचं लागलंय त्याला?"

सभागृह हसलं. बगळ्यालाही एवढं हसले नव्हते. मुग्धाही हसली. मग हसता हसता तिची नजर माझ्यावर आली आणि ती थांबली. तिला गावातलं सगळं ठाऊक होतं. मावशी खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "लाइट लई गरम असतो त्यांचा."

रात्र आम्ही माझ्या मेव्हण्याकडे काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची बोट धरली. बोट सुटल्यावर दहाएक मिनिटांनी मी म्हटलं,

"मावशी, तो बगळा."

"कंचा? मोजनारा व्हय?" ती म्हणाली. "झाक केलं त्या पोरानं. मान कशी वाकडी करत हुता."

"मी विनूला पुन्हा विचारतो. या आठवड्यात बदलापूरला जाऊन येतो. नवी यादी होईल तेव्हा..."

"सुध्या." ती पाण्याकडे बघत होती. "बगळा वाईट न्हाय रं. तो कवा खोटं बोलत न्हाय. त्याला मोजल्याबिगर देता येत न्हाय, तो काय करनार?"

 मग ती म्हणाली, "मांडव्याला सुमनचा नवरा येनार हाय. मी त्याच्यासंगं जाते. उरनला."

सुमन तिच्या बहिणीची मुलगी. नवऱ्याची मालवाहतूक. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन दिवसांसाठी तिनं दोन बोचकी आणली होती.

"किती दिवस राहणार?"

"आता परत यायाचं न्हाय."

"मावशी, पन्नास वर्षं..."

"एकोनसाठ," ती म्हणाली. "तुजा हिसाब कसा काय चुकला?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तिला थांब म्हणू शकलो असतो. थांब म्हणण्यासाठी जे हातात असावं लागतं ते माझ्या हातात नव्हतं, आणि ते नसताना बोलायची मला सवय नाही. 

विनूला मी ही बातमी फोनवर सांगितली. तो म्हणाला, "चला, प्रश्न मिटला." त्या कोपऱ्यात आता पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. गडगा पाडावा लागला. संमतीपत्र माझ्या कपाटात आहे, त्यावर सहा सह्या आहेत आणि क्षेत्र अचूक लिहिलेलं आहे. मावशी पुढच्या श्रावणात उरणलाच वारली. सुमनचा फोन आला तेव्हा दहावीचा तास चालू होता. मी तास पुरा केला. मुग्धाच्या नाटकाचे प्रयोग अजून होतात असं ऐकतो.

मी तिला शेवटचं पाहिलं ते मांडव्याला, जेट्टीबाहेरच्या रस्त्यावर. सुमनचा नवरा मोठ्या ट्रेलरचं नुसतं डोकं घेऊन आला होता, मागची गाडी कुठेतरी उतरवून. चढायला तीन पायऱ्या होत्या, पहिलीच माझ्या गुडघ्याच्या वर. त्यानं वरून हात दिला, मी खालून आधार दिला, आणि ती चढली. बोचकी मी वर दिली. दार लागलं. बोटीतून उतरलेल्या मोटारींची रांग पुढे अडली होती, त्यामुळे त्यांना लगेच निघता येईना. मी खाली रस्त्याच्या कडेला उभा होतो. इंजिन चालू होतं, काच अर्धी उघडी. ती वाकून माझ्याशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी कानामागे हात धरला. ती पुन्हा तेच बोलली, या वेळी जरा लांब, हातानं काही दाखवत. एवढ्यात पुढची रांग हलली आणि मागून हॉर्न वाजले. मी ऐकू आल्यासारखी मान हलवली. तिचं समाधान झालं असावं. ती सरळ होऊन बसली, आणि गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली.